चुनीतली साल, बाभळीच्या शेंगा आणि पोटात पोहोचणारं प्रोटीन

दुधाळ जनावरांच्या खाद्याच्या पोत्यावर क्रूड प्रोटीनचा आकडा ठळक छापलेला असतो. भारतीय मानकाप्रमाणे टाइप १ ला किमान २२ टक्के, टाइप २ ला २०. नागपूर जिल्ह्यातल्या गोठ्यांत आणि बकऱ्यांच्या वाड्यांत फिरताना मला दिसतं, की लोक या एकाच आकड्यावर खाद्य घेतात, भाव करतात आणि एकमेकांना सल्लेही देतात. झाडपाला, शेंगा, डाळ मिलची चुनी (डाळ करताना निघणारी साल आणि चुरा) यांच्या बाबतीत तो आकडा अपुरा पडतो, असं माझं ठाम मत आहे. किती प्रथिन आहे ते तो सांगतो. त्यातलं किती जनावराच्या अंगी लागेल हे पुष्कळदा टॅनिन या तुरट द्रव्यावर ठरतं, आणि टॅनिनचा उल्लेख पोत्यावर कुठेच नसतो.

तो आकडा निघतो कसा, ते आधी सांगते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली पद्धत आजही जगभर चालते. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. त्या उकळत्या आम्लापुढे काहीच टिकत नाही. कोल्हापुरी चपलेचा तुकडा फ्लास्कमध्ये टाकला तरी भरपूर प्रोटीन निघेल. चामडं हे प्रथिनच आहे, आणि कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला इतकं घट्ट धरतं की मग ते कुजत नाही, जंतूंना ते फोडता येत नाही. हेच टॅनिन पानांत, शेंगांत, दाण्याच्या सालीत असतं. जनावराने चारा चघळला की पेशी फुटतात, टॅनिन बाहेर येतं आणि चाऱ्यातल्या प्रथिनाला चिकटतं. प्रयोगशाळेचं आम्ल ती पकड सोडवतं. जनावराचं पोट ती सोडवेल का, आणि कुठल्या टप्प्यावर, यावर पुढचं सगळं ठरतं.

मी पशुपोषण शिकले ते नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, सेमिनरी हिल्सला. टॅनिन तेव्हा अभ्यासक्रमात ‘पोषणविरोधी घटक’ या मथळ्याखाली होतं. ट्रिप्सिन रोधक, सरकीतलं गॉसिपॉल, सुबाभळीतलं मायमोसिन यांच्या ओळीत बसवलेलं. परीक्षेपुरतं ते पाठ झालं. पण प्रत्यक्ष बकऱ्या पाळणाऱ्यांमध्ये वावरायला लागल्यावर ही यादी मला फार तोकडी वाटू लागली, कारण त्यातलं टॅनिन काही जनावरांना चक्क मदत करताना दिसत होतं.

काटोलकडे एक काकू बेरारी बकऱ्या राखतात. मार्च-एप्रिलनंतर रानात गवताचं पातं उरत नाही, तेव्हा त्या आकडीने बाभळी झोडून शेंगा पाडतात. त्यांनी मला एकदा विचारलं, “डॉक्टरबाई, शेंगा खाल्ल्या का लेंड्या कोरड्या न् घट्ट येतेत. ढेप जास्त पडली का मात्र ढाळ लागते. असं काऊन होते?” इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या लोकांनी विचारला असेल. त्याचं उत्तर देताना मला सगळं रवंथ पचन त्यांच्यासमोर मांडावं लागलं, ते इथेही मांडते.

गाय, म्हैस, बकरी यांच्या पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, असंख्य सूक्ष्मजीव असतात. चाऱ्यातलं प्रथिन आधी त्यांच्या तावडीत सापडतं. ते त्याचे तुकडे करून अमोनिया बनवतात आणि पिष्टमय पदार्थांची ऊर्जा हाताशी असेल तर त्या अमोनियातून स्वतःचं प्रथिन उभारतात. हे जंतू पुढे वाहत जाऊन पचतात आणि जनावराला उत्तम प्रथिन मिळतं. अडचण येते ती वेगाची. शेंगदाण्याच्या ढेपेतलं, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीतलं, प्रथिन रुमेनमध्ये फार भराभर फुटतं. जंतूंना वापरता येईल त्यापेक्षा जास्त अमोनिया तयार झाला तर तो रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि बराचसा युरिया लघवीतून बाहेर पडतो. महागाची ढेप अशी गोठ्याच्या नालीत वाहून जाते. वर तो युरिया करण्यात जनावराची ऊर्जाही खर्च होते.

आता याच मिश्रणात थोडं टॅनिन आलं तर काय होतं पाहा. टॅनिन आणि प्रथिन यांची जोडी आम्लतेवर अवलंबून असते. रुमेनचा सामू (पीएच) साधारण ६ ते ७ असतो. जोन्स आणि मँगन या दोन संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवलं, की ३.५ ते ७ या सामूच्या पट्ट्यात ही जोडी पक्की राहते आणि त्याखाली सुटते. म्हणजे रुमेनमधले जंतू या प्रथिनाला हात लावू शकत नाहीत. ते तसंच पुढे सरकतं. चौथ्या पोटात सामू अडीच-तीनपर्यंत उतरतो, तिथे पकड सुटते, आणि लहान आतड्यात त्या प्रथिनाची अमिनो आम्लं थेट जनावराच्या रक्तात जातात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ ढेपेवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून जे बायपास प्रोटीन बनवतं, त्यामागचं तत्त्व हेच आहे. बाभळीची शेंग ते काम आपल्या पद्धतीने, थोडं ओबडधोबड, पण फुकटात करते.

थोडं हा शब्द मात्र इथे कळीचा आहे. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या दोन जातींवर मेंढ्यांमध्ये पुष्कळ काम झालं. ज्या जातीत संघनित (पचनमार्गात सहसा न फुटणारं) टॅनिन सुक्या चाऱ्याच्या शेकडा २ ते ४ होतं, तिच्यावर मेंढ्यांना आतड्यात जास्त अमिनो आम्लं मिळाली, लोकरही वाढली. दुसऱ्या जातीत ते शेकडा ५ च्या वर होतं. तिच्यावर मेंढ्या कमी खायला लागल्या आणि पचनही घटलं. कारण प्रथिन धरून झाल्यावर उरलेलं टॅनिन मोकळंच फिरतं. ते जंतूंच्या एन्झाइमना धरतं, मग तंतूमय चारा फुटायचा मंदावतो, कुटार, म्हणजे भुसा, रुमेनमध्ये पडून राहतं, पोट भरलेलं वाटतं आणि जनावर गव्हाणीकडे पाठ फिरवतं.

काकूंच्या लेंड्यांचं उत्तर यात आलं. टॅनिन पोटात असलं की अमोनियाचा भडका उडत नाही, नायट्रोजन लघवीऐवजी शेणातून जास्त जातो, आतड्याचं अस्तरही किंचित आवळतं. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “म्हणून मी दोन्ही संगं देतो नं. ढेप बी न् शेंगा बी.” ढेप आणि शेंगा एकत्र देणं हे पोषणशास्त्राच्या हिशेबाने अगदी योग्य आहे. भराभर फुटणारं प्रथिन आणि त्याला धरून ठेवणारं टॅनिन एकाच वेळी रुमेनमध्ये उतरायला हवं. सकाळी ढेप आणि संध्याकाळी शेंगा असं केलं तर हा फायदा बराचसा हातचा जातो.

रानात चरणारी बकरी प्रमाणही स्वतःच सांभाळते. ती एका झाडापाशी थांबत नाही. बाभळीचे दोन-चार घास, मग बोराटी, मग हिवर, मग बांधावरचं काहीतरी. तोंड तुरट व्हायला लागलं की ती पुढे सरकते. शिवाय झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात आणखी तयारी असते. हरणांच्या लाळेत प्रोलिन भरपूर असलेली प्रथिनं असतात. ती टॅनिनला तोंडातच गुंतवून टाकतात, म्हणजे चाऱ्यातलं प्रथिन मोकळं राहतं. उंदरांना टॅनिनवाली ज्वारी खाऊ घातली तर काही दिवसांतच त्यांच्या लाळग्रंथी वाढतात आणि अशी प्रथिनं बनवू लागतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झालं. गाईची लाळ या बाबतीत तितकी सज्ज नसते. ऑस्ट्रेलियात रानटी झालेल्या आणि तिथल्या मुल्गा बाभळीवर जगणाऱ्या बकऱ्यांच्या रुमेनमध्ये तर टॅनिन-प्रथिनाची जोडी फोडणारा जिवाणूच सापडला. १९९४ मध्ये त्यावर निबंध आला. काकूंच्या बकऱ्यांच्या पोटात काय काय असेल, हे पाहण्याची मला फार इच्छा आहे.

मला काळजी वाटते ती बंदिस्त पालनाची. कळमेश्वरकडे एका तरुणाने मचाणाचा छान शेड बांधला, उस्मानाबादी आणि बेरारी बोकड ठेवले. बाभळीच्या शेंगांत प्रोटीन असतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने त्या वाळवून चक्कीतून दळून आणल्या आणि दाण्याच्या जागी तेच पीठ द्यायला सुरुवात केली. वर वैरण म्हणून फक्त सुबाभूळ. बोकडांची वजनं हलेनात, अंगावरचा केस राठ झाला. “मॅडम, प्रोटीन तर भरपूर देऊन राहिलो,” असं तो अगदी कळवळून सांगत होता. त्याच्या हिशेबात चूक नव्हती; केल्डालच्या आकड्याने त्याला तेच सांगितलं होतं. पण रानातली बकरी जे स्वतः निवडते ते निवडणं शेडमधल्या बकरीच्या हाती राहत नाही. टॅनिनची मात्रा तिथे मालक ठरवतो, आणि त्याला ती मोजायचं कुणी शिकवलेलं नसतं. आम्ही शेंगा दाणामिश्रणाच्या एक-पंचमांशावर आणल्या, मका आणि शेंगदाण्याची ढेप घातली, वैरणीत सोयाबीनचं आणि हरभऱ्याचं कुटार आलं. बोकड आधी खायला लागले, वजन त्यामागोमाग आलं. एक-पंचमांश ही माझी कामापुरती मर्यादा आहे; गाभण बकऱ्यांना मी त्याहून कमी ठेवते.

शेंगेतलं आणि हिरड्यातलं टॅनिन आणखी एका कारणाने जपून द्यायचं. टॅनिनचे दोन मोठे गट आहेत. ज्वारीत, तुरीच्या सालीत, बोराटीच्या पाल्यात असतं ते संघनित. ते पचनमार्गात सहसा फुटत नाही. हिरडा, आवळा, आंब्याची कोय यांत असतं ते पाण्याने विघटन होणारं. बाभळीत दोन्ही सापडतात. दुसऱ्या प्रकारचं टॅनिन रुमेनमध्ये फुटून गॅलिक आम्ल आणि त्यापुढचे पदार्थ तयार होतात, ते रक्तात शिरतात आणि अति झालं तर यकृताला, मूत्रपिंडांना इजा करतात. उपाशी कळप नुसत्या शेंगांच्या ढिगाऱ्यावर सोडणं म्हणूनच धोक्याचं. आधी कुटार किंवा कडबा पोटात जाऊ द्यावा.

कोंबड्यांकडे आलं की मात्र माझा सूर पूर्ण बदलतो. उमरेडकडच्या एका बचत गटातल्या बायका गावरान कोंबड्या पाळतात. सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) परवडत नाही म्हणून त्यांनी खाद्यात तुरीची चुनी भरपूर घालायला सुरुवात केली. नागपुरात डाळ मिल पुष्कळ, चुनी सहज मिळते, आणि गाईम्हशींना ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मग कोंबड्यांना का नको, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. कोंबडीला रुमेन नाही, म्हणून नको. गाईच्या बाबतीत टॅनिन प्रथिनाला जंतूंपासून वाचवून पुढे नेतं. कोंबडीत वाचवण्यासारखं काही नसतंच. तिथे टॅनिन प्रथिनाला धरतं, ट्रिप्सिनसारख्या पाचकरसालाही धरतं, आतड्याच्या अस्तरातून श्लेष्मा जास्त झिरपतो आणि तोही विष्ठेतून जातो. म्हणजे खाल्लेलं प्रथिन वाया आणि अंगातलं प्रथिनही वाया. गॅलिक आम्ल शरीराबाहेर टाकण्यासाठी मेथिओनिन या अमिनो आम्लाकडचा मिथाइल गट खर्च होतो, आणि कोंबडीच्या खाद्यात नेमकं मेथिओनिनच आधी अपुरं पडतं. पिसं नीट न भरलेली, हाडकुळी पिलं बघून त्या बायकांचा जीव तुटत होता, माझाही तुटला.

तुरीचं टॅनिन जवळजवळ सगळं दाण्याच्या सालीत असतं. लाल आणि गडद तुरीत जास्त, पांढऱ्या तुरीत बरंच कमी. आपल्याकडे बाजारात लाल तुरीचं प्रमाण मोठं. डाळ स्वच्छ होते कारण साल निघून चुनीत जाते. म्हणून चुनी घेताना मी नेहमी मूठभर चाळून बघते. डाळीचा चुरा आणि कोंब जास्त असलेली चुनी एक, आणि नुसती साल दळून भरलेली चुनी दुसरी. पोतं बाहेरून सारखंच दिसतं. गाईला सालीची चुनी दिली तर निदान तंतू म्हणून पचते. कोंबडीला ती नकोच, आणि कच्च्या तुरीत ट्रिप्सिन रोधकही असतात हे वेगळं. त्या गटाने चुनी अगदी थोडी ठेवली, मका आणि डीओसी मिळून घाऊक घ्यायला लागल्या, आणि आता त्यांच्या पिलांची पिसं भरून येतात.

ज्वारीबद्दल फार गैरसमज आहे, म्हणून तेही लिहिते. परतीच्या पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी ‘टॅनिनवाली’ म्हणून कोंबडीखाद्यासाठी नाकारतात. तो काळेपणा बुरशीचा असतो. ती ज्वारी नाकारायलाच हवी, पण बुरशीच्या विषांमुळे. टॅनिनची ज्वारी वेगळी: दाण्याच्या सालीखाली एक रंगीत पापुद्रा असतो, त्यात संघनित टॅनिन राहतं. पाखरांनी कणसं खाऊ नयेत म्हणून आफ्रिकेत आणि अमेरिकेत अशा जाती मुद्दाम लावल्या गेल्या. तशी ज्वारी भरपूर खाल्लेल्या पिलांची वाढ खुंटते आणि पाय वाकडे होतात. आपण भाकरीला वापरतो त्या पांढऱ्या ज्वारीत हा पापुद्रा नसतो. शंका असेल तर प्रयोगशाळेत कॉस्टिक घातलेल्या ब्लीचमध्ये दाणे थोडा वेळ ठेवतात. वरची साल विरघळते, टॅनिनचे दाणे काळे पडतात आणि बाकीचे पांढरट राहतात.

घरी करता येईल अशीही एक साधी चाचणी आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं आणि फोड दोन्ही काळी पडतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. लोह आणि टॅनिन भेटलं की काळा-निळा रंग येतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) यांची शाई पूर्वी याच गुणावर व्हायची. शंकास्पद पाला किंवा शेंग पाण्यात उकळा, गाळा, थोडं थंड झाल्यावर चिमूटभर हिराकस टाका. काळं-निळं झालं तर विघटन होणारं टॅनिन, हिरवट काळं झालं तर बहुधा संघनित. टॅनिन आहे की नाही इतकंच यातून कळतं, किती आहे ते नाही. आणि हिराकस घातलेलं पाणी जनावराच्या आवाक्यात ठेवू नका.

किती ते मोजायला प्रयोगशाळाच लागते, आणि इथे मला आपल्या भागातल्या खाद्य तपासणीकडून एक मनापासून हवं आहे. प्रोटीन, तेल, तंतू, राख यांच्या अहवालात आणखी दोन ओळी याव्यात: एकूण टॅनिन, आणि आम्ल डिटर्जंटने धुतल्यावरही तंतूत अडकून राहणारा नायट्रोजन. दुसरी ओळ फार बोलकी आहे, कारण हा नायट्रोजन केल्डालच्या आकड्यात मोजला जातो पण जनावराच्या बहुतेक उपयोगी पडत नाही. हरिंदर मक्कर या भारतीय शास्त्रज्ञाने झाडपाल्यातलं टॅनिन मोजण्याच्या पद्धतींवर आयुष्यभर काम केलं आहे आणि त्या पद्धती जगभर वापरल्या जातात. काटोल-सावनेरच्या बकरीवाल्यापर्यंत त्यांचा उपयोग पोहोचायला हवा असं मला तीव्रतेने वाटतं.

टॅनिन कमी करायचे उपाय विचाराल तर पॉलिइथिलिन ग्लायकॉल हे रसायन सगळ्यात खात्रीचं. टॅनिन प्रथिनाला सोडून त्याला चिकटतं, पण गावात ते परवडत नाही. चुलीची राख परवडते. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात शेंगांचा भरडा रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी निथळून वाळवला की टॅनिन बऱ्यापैकी उतरतं. पाला सावलीत सुकवूनही थोडा फरक पडतो. थोडंसं टॅनिन राहिलं तर बकरीत राहू द्यावं, असंच मी सांगते. पावसाळ्यात चौथ्या पोटात रक्त पिणारे जंत वाढतात, तेव्हा बोराटीसारखा संघनित टॅनिनचा पाला त्यांना आटोक्यात ठेवायला हातभार लावतो. जंताचं औषध त्यामुळे बंद करायचं नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने तर टॅनिनयुक्त वनस्पतींपासूनच ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य केलं आहे, रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन वायू कमी व्हावा म्हणून.

मे महिन्यात एक प्रश्न दरवर्षी येतो, आंब्याच्या कोयांचा. रसवाल्यांकडे ढीग पडलेला असतो आणि तो फेकून द्यायला जिवावर येतं. कोयीच्या आतल्या गरात प्रथिन कमीच, पण स्टार्च आणि तेल चांगलं, आणि सोबत भरपूर टॅनिन. कोया उन्हात वाळवून फोडा, गर वेगळा करा, पाणी दोन-तीनदा बदलत भिजवा किंवा एकदा उकळून पाणी फेकून द्या, आणि पुन्हा कडक वाळवून भरडा. गाईम्हशींच्या दाण्यात मक्याच्या काही भागाऐवजी तो चालतो. सुरुवात मूठभरापासून करा. हे सगळं मृगाच्या आधी उरकायला हवं, कारण पहिल्या सरीनंतर ओलसर गराला दोन दिवसांत बुरशी येते, आणि तो मग खताच्या खड्ड्यातच टाकावा लागतो.